आधी निदान, मग पाना: तापून बंद पडलेल्या इंजिनाची तपासणी करणारे धनकवडीचे गॅरेज

धनकवडीतून कात्रजकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळले की एका गल्लीच्या टोकाला हे गॅरेज लागते. दारावर मालकाचे नाव नाही आणि गॅरेजचेही नाही. 'इंजिन काम, हेड काम' एवढी चार शब्दांची पत्र्याची पाटी आहे; हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचे झाकण. त्यामुळे या परीक्षणात गॅरेजचे नाव सापडणार नाही, कारण सांगण्यासारखे नावच नाही. येथे मला मिळालेली सेवा दुरुस्तीची होती असे म्हणण्यापेक्षा निदानाची होती असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. त्या निदानाचे पैसे मी वेगळे मोजले आणि ते मला सर्वांत सार्थकी लागलेले वाटतात, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

माझी गाडी 2014 सालची, पेट्रोलवर चालणारी, 1.2 लिटरची, चार सिलिंडरची साधी हॅचबॅक आहे. मे महिन्यातल्या एका शनिवारी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात मालमोटारींच्या रांगेत आम्ही अडकलो. गाडी पहिल्या गिअरमध्ये दोन पावले पुढे जाई आणि थांबे, आणि एसी चालूच होता. या गाडीला तापमान दाखवणारा काटा नाही. इंजिन थंड असताना निळा आणि प्रमाणाबाहेर तापले की लाल, असे दोन दिवे आहेत. लाल दिवा लागला तेव्हा डावीकडे कठडा आणि उजवीकडे ट्रक होता. चार-पाच मिनिटे मी तशीच गाडी रेटली आणि मग दिवा आपोआप विझला. मला हायसे वाटले. आणखी काही अंतर गेल्यावर इंजिनातून खडखड ऐकू आली, जोर संपला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ उसळून गाडी बंद पडली. तास-दीड तास थांबल्यानंतर मी दोनदा स्टार्टर मारून पाहिला, आणि ती माझी दुसरी चूक होती. पहिली चूक दोन आठवड्यांपूर्वीच झाली होती: सिग्नलला गाडी उभी राहिली की एसीची हवा कोमट होते आणि गाडी पळू लागली की पुन्हा गार होते, हे माझ्या लक्षात आले होते, पण उन्हाळा आहे, असे व्हायचेच, असे म्हणून मी ते सोडून दिले होते.

टो केलेली गाडी प्रथम शहरातल्या एका अधिकृत सेवाकेंद्रात गेली. तेथे दुसऱ्या दिवशी मला 'इंजिन गेले' असे सांगण्यात आले आणि हाफ इंजिन, म्हणजे हेड सोडून खालचे इंजिन, बदलण्याचा 1 लाख 12 हजार रुपयांचा अंदाज हातात ठेवण्यात आला. कोणत्या तपासण्या केल्या असे विचारल्यावर सल्लागाराने सांगितले की गाडी स्टार्ट होत नाही आणि इतकी तापलेली गाडी पुन्हा नीट होत नाही, हा अनुभव आहे. अनुभव असेलही, परंतु जॉब कार्डावर एकही आकडा नव्हता. विम्याचा विचार करून पाहिला, पण नेहमीच्या सर्वसमावेशक मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, त्यामुळे तो मार्ग तेथेच संपला. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने या गॅरेजचा पत्ता दिला आणि मी गाडी पुन्हा टो करून तेथे आणली.

गॅरेजच्या मालकांना सगळे काका म्हणतात. पुण्यातल्याच एका डिझेल इंजिनाच्या कारखान्यात ते बरीच वर्षे चाचणी विभागात होते. खडकीला किर्लोस्करांचा इंजिन कारखाना, कोथरूडला कमिन्स आणि वेताळ टेकडीवर 1966 पासूनची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था असे हे शहर आहे. इंजिन समोर ठेवून वहीत आकडे लिहिण्याची सवय असलेली माणसे येथे पेठापेठांत सापडतात, तरी त्यांच्यापैकी फार थोडी गॅरेज काढतात. काकांनी गाडीकडे पाहण्याआधी मलाच बसवून प्रश्न विचारले. दिवा किती वेळ होता, विझला केव्हा, आवाज खटखट होता की घरघर, वाफ पांढरी होती की निळसर, वरून पाणी ओतले का, बंद पडल्यावर किती वेळा स्टार्टर मारला. दिवा विझल्याचे सांगितल्यावर ते म्हणाले, "ताई, दिवा विझला म्हणजे गाडी थंड झाली असे नव्हे. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो खरे बोलतो. पाणीच उडून गेले, मग तो वाफेत लटकत राहिला." घाटातली ती पाच मिनिटे माझ्या डोळ्यांपुढून पुन्हा गेली.

त्यानंतर त्यांनी दर सांगितला. इंजिन न उघडता करायच्या तपासण्यांचे 2,500 रुपये, आणि ते दुरुस्ती येथे केली काय किंवा न केली काय, द्यावेच लागतील. दुरुस्तीच्या बिलातून वजा होणार नाहीत. हे ऐकून अनेक ग्राहक परत जातात असे ते स्वतःच म्हणाले. मला मात्र ही अट योग्य वाटली. तपासणी फुकट असली की तिचा खर्च दुरुस्तीतून काढावा लागतो आणि मग निदान दुरुस्तीच्या बाजूने झुकते. येथे इंजिन भंगारात काढावे असे निघाले असते तरी काकांचे 2,500 रुपये ठरलेलेच होते.

पहिला दिवस इंजिन सुरू न करण्यात गेला. तापून बंद पडलेले इंजिन चालू करून पाहण्याची घाई सगळ्यांना असते, आणि नेमके तेच आधी करू नये. सिलिंडरमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रवमिश्रित पाणी) उतरलेले असेल तर पाणी दाबले जात नाही. स्टार्टरच्या जोराने पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. काकांनी चारही स्पार्क प्लग काढले, क्रँकच्या, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, पुलीवर पाना लावला आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवले. ते अडखळले नाही, म्हणजे पिस्टन सिलिंडरला चिकटलेले नव्हते. तिसऱ्या प्लगच्या भोकातून मात्र हिरवट थेंब उडाले. प्लग वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्यावर फरक मलाही दिसला: पहिला आणि चौथा नेहमीसारखे तपकिरी, तर दुसरा आणि तिसरा वाफेने धुतल्यासारखे स्वच्छ.

ऑइलची तपासणी मला सर्वांत आवडली, कारण तिला उपकरण जवळजवळ लागतच नाही. डिपस्टिकवर दुधाळ रंग दिसतो का ते सर्वच पाहतात. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली थोडा पांढरट साका दिसला म्हणून लगेच घाबरू नये, पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाड्यांत तो हवेतल्या दमटपणानेही जमतो, हे काकांनी आवर्जून सांगितले. त्यांनी गाडी रात्रभर हलवली नाही आणि सकाळी ऑइल पॅनचा नट फक्त थोडा सैल केला. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. ते असेल तर आधी तेच बाहेर येते. आमच्या गाडीत अर्ध्या चहाच्या कपाएवढे कूलंट आले आणि मागून काळे, पातळ ऑइल. मग ऑइल फिल्टरचा डबा कापून आतला कागद उन्हात पसरला गेला. बेअरिंग घासले असते तर घड्यांमध्ये चमचमणारा कीस दिसला असता, कारण अति तापलेले ऑइल पातळ होते आणि क्रँकच्या बेअरिंगवरचा ऑइलचा थर तुटतो. कागदावर काजळी होती, कीस नव्हता. काकांनी वहीत लिहिले: 'बेअरिंग: सध्या शंका नाही.' 'सध्या' हा शब्द त्यांनी अधोरेखित केला होता.

आकड्यांची तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. बॅटरी पूर्ण भरलेली, इंजेक्टरचे कनेक्शन काढलेले, चारही प्लग बाहेर आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला ठेवून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारे मापक, लावले गेले. ॲक्सिलरेटर दाबणे माझ्याकडे होते. पहिल्या सिलिंडरला 180 पीएसआय (दाबाचे एकक), दुसऱ्याला 115, तिसऱ्याला 110, चौथ्याला 175. सिलिंडरांमध्ये आपसांत फार तर 10 ते 15 टक्के फरक चालतो. शेजारशेजारची दोन सिलिंडरे एकाच वेळी खाली येणे म्हणजे त्यांच्या मधल्या अरुंद पट्टीवर हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सांधा बंद ठेवणारी चकती, उडाली असण्याची दाट शक्यता. तरीही ते तेथे थांबले नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा गेज लावले. पिस्टनभोवतीच्या रिंगा गेलेल्या असत्या तर ऑइलने फटी भरून आकडा वर चढला असता. तो जवळजवळ हलला नाही. शेवटी दुसरा पिस्टन वरच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये अडकवून, प्लगच्या भोकातून काँप्रेसरची हवा आत सोडली. हवा एक्झॉस्टमधून फुसफुसली असती तर दोष वॉल्व्हचा, ऑइलच्या झाकणातून आली असती तर रिंगांचा. ती तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून आली आणि रेडिएटरच्या तोंडाशी अधूनमधून बुडबुडे फुटले. माझ्या तळहाताला ती हवा लागली. सेवाकेंद्राच्या कागदावर नसलेली माहिती मला अशी हाताने तपासता आली.

प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंतीही दाखवल्या. कारखान्यात होनिंग करताना, म्हणजे भिंती बारीक घासताना, पडलेली तिरकी जाळी चारही ठिकाणी शाबूत होती; तिसऱ्यात दोन-तीन उभ्या रेघा होत्या, पण नखाला लागतील इतक्या खोल असाव्यात असे दिसत नव्हते. कॅमेरा येथे स्वस्तातला आहे आणि त्याचे चित्र धूसर आहे, ही या सेवेतली एक उणीव मी नोंदवते. मला पाठवलेल्या छायाचित्रांवरून दुसऱ्या कोणा मिस्त्रीचे मत घेता आले नसते.

संध्याकाळी वहीचे एक पान फाडून मला मिळाले. छापील अहवाल येथे मिळत नाही आणि तो मिळायला हवा, कारण विक्रीच्या वेळी किंवा वाद झाल्यास वहीच्या पानाला कोण विचारणार? पानावर तीन भाग होते: नक्की समजलेले, उघडल्यावर समजेल ते, आणि उघडूनही नक्की सांगता येणार नाही ते. तिसऱ्या भागात 'रिंगांचा ताण' असे लिहिले होते. फार तापलेल्या रिंगा वरून धड दिसल्या तरी त्यांचा ताण कमी झालेला असू शकतो आणि त्या काही हजार किलोमीटरनंतर ऑइल खाऊ लागतात. त्याची हमी देणार नाही, असे काकांनी स्पष्ट सांगितले. गॅरेजवाल्याने 'हे मला सांगता येणार नाही' असे लिहून दिल्याचा माझा हा पहिलाच अनुभव. मी तेथेच हेड उघडण्यास होकार दिला.

हेड उतरले तेव्हा गॅसकेटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये काळा, जळका पट्टा होता. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. बोल्ट त्याला खाली जखडून धरतात, मग ते मधोमध गॅसकेट चिरडते आणि थंड होताना वाकडे होऊन बसते. कूलंट उकळले की वाफेचे कप्पे तयार होतात, वाफ पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, आणि सर्वांत जास्त भाजतो तो मधला भाग. काकांनी हेडवर सरळपट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापकाची, ठरावीक जाडीची पाती सरकवली. मध्यभागी 0.12 मिलिमीटरचे पाते गेले. अशा छोट्या इंजिनांना सहसा 0.05 मिलिमीटरपर्यंतच वाकडेपणा चालतो. ब्लॉकचा पृष्ठभाग त्याच पट्टीने तपासला, तो मर्यादेत निघाला.

येथे बहुतेक गॅरेज हेड लेथवाल्याकडे देऊन फेसिंग करून आणतात आणि बसवतात. फेसिंगने हेडचा तळ सपाट होतो, पण हेड वाकले असेल तर वरची कॅमशाफ्टची (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) ओळही वाकलेली असते आणि ती तळ घासून सरळ होत नाही. काकांनी कॅमशाफ्ट तिच्या कॅपांमध्ये बसवून, वॉल्व्ह न लावता, बोटांनी फिरवून पाहिली. ती कोठेही जड गेली नाही. ती अडकली असती तर हेडच बदलावे लागले असते, आणि मग त्यांनी जुन्या बाजारातून वापरलेले हेड घेण्यापेक्षा नवे घेण्याचाच सल्ला दिला असता, कारण वापरलेले हेड आधी किती वेळा तापले ते कळत नाही.

मशीन शॉपचे काम भोसरीत झाले. तेथे हेडची कूलंटची वाट बंद करून, हवेचा दाब देऊन ते गरम पाण्यात बुडवले गेले. तडा असता तर बुडबुडे आले असते. ते आले नाहीत. कडकपणाही मोजला गेला, कारण फार तापलेले ॲल्युमिनियम मऊ पडते आणि मऊ हेडवर नवी गॅसकेट टिकत नाही. 'ठीक आहे' असा तोंडी निरोप आला, आकडा मात्र आला नाही. एवढी नेमकी तपासणी करून घेतल्यावर तिचा आकडा कागदावर न मिळणे मला खटकले आणि काकांकडे मी तसे बोलूनही दाखवले. त्यांनी फोन लावला. पलीकडच्या माणसाने आकडा लिहून ठेवलेलाच नव्हता.

हेडचा तळ 0.15 मिलिमीटर घासला गेला. वॉल्व्ह सीटवर लॅप केले, म्हणजे घासून घट्ट बसवले, उष्णतेने कडक झालेले आठही इनलेट आणि आठही एक्झॉस्ट वॉल्व्हचे सील बदलले, नवी गॅसकेट आणली आणि हेडचे बोल्ट नवे घेतले. जुने बोल्ट वाचवण्याचा माझा प्रस्ताव काकांनी हसून फेटाळला: ठरावीक टॉर्कनंतर (आवळण्याच्या जोरानंतर) आणखी अंशांत फिरवून आवळायचे हे बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात, ते दुसऱ्यांदा विश्वासाचे राहत नाहीत. सुटे भाग नाना पेठेतून आले आणि प्रत्येकाचे खोके मला दाखवण्यात आले.

मूळ कारणही शोधले गेले. रेडिएटरच्या पंख्याच्या मोटरचे ब्रश झिजले होते. थंड असताना ती फिरे, तापल्यावर अडून बसे. सिग्नलला एसी कोमट होण्याचे कारण तेच, कारण तोच पंखा एसीच्या कंडेन्सरलाही हवा देतो. त्यात भर म्हणजे पूर्वी कोणीतरी कूलंटमध्ये साधे पाणी घालून ते पातळ केले होते आणि रेडिएटरच्या झाकणाचे रबर फाटले होते. निम्मे कूलंट, निम्मे पाणी आणि दाब धरणारे झाकण असेल तर उकळबिंदू सव्वाशे अंशांच्या आसपास जातो. पुण्यासारख्या सुमारे 560 मीटर उंचीवरच्या गावात साधे पाणी उघड्यावर 98 अंशांनाच उकळते. हा फरक म्हणजेच घाटातली सवड. माझ्या गाडीत ती जवळजवळ उरलीच नव्हती. पंखा, थर्मोस्टॅट, झाकण आणि दोन्ही होज पाइप बदलले.

एकूण बिल, तपासणीसह, 38,400 रुपये झाले. सहा दिवस सांगितले होते, अकरा लागले, आणि त्यांपैकी तीन दिवस मला कोणी फोनही केला नाही. जीएसटीचे बिल मागितल्यावर मिळाले, न मागता मिळायला हवे होते. बसायला जागा नाही, एक प्लास्टिकची खुर्ची आहे आणि तिच्यावर बहुधा गिअरबॉक्स ठेवलेला असतो.

गाडी परत देताना काकांनी ती माझ्यासमोर अर्धा तास चालू ठेवली, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत. मग निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरली. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असता तर द्रव पिवळा पडला असता. तो निळाच राहिला. ही तपासणी सुरुवातीला का केली नाही असे मी विचारले, तेव्हा तिला इंजिन चालवावे लागते, एवढेच उत्तर मिळाले. 500 किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलायला लावले, तो फिल्टरही कापून पाहिला, आणि त्याचे पैसे फक्त ऑइल-फिल्टरचेच घेतले.

त्याला आता 3,000 किलोमीटर झाले आहेत. कूलंटच्या टाकीवर काकांनी मार्करने ओढलेल्या रेघेपासून पातळी हललेली नाही. ऑइल मात्र डिपस्टिकवर वरच्या खुणेपासून पाव भाग खाली आले आहे, म्हणजे वहीच्या पानावरचा तिसरा भाग बहुधा खरा ठरणार. पुढच्या महिन्यात पुन्हा कॉम्प्रेशन पाहायचे ठरले आहे. ज्यांना जायचे असेल त्यांनी गाडी स्वतः चालवत नेऊ नये, टो करून न्यावी. सकाळी दहाच्या आत जावे, कारण नंतर काका गाडीखाली असतात. आणि गुरुवारी गॅरेज बंद असते.